सावडीतली दुर्बीण

शहापूरच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते, राहते मुरबाडला. परदेशातल्या एका वेधशाळेनं आमच्यासारख्या कॉलेजांना आपली मोठी दुर्बीण वापरायला देऊ केली, तेव्हा मी लगेच अर्ज लिहायला बसले. दुर्बीण पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या एका कोरड्या डोंगरावर. आम्ही इथं संगणकावर बसून ती फिरवायची. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे जागरण नाही. वेळ मात्र अनेक देशांत वाटून घ्यायची.

यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. विषय, मुली, वीज गेली तर काय, सगळं लिहून काढलं. गटात तीन मुली. त्यातली डोळखांबकडच्या पाड्यावरची सगळ्यात चिकाटीची. इतरांनी काढलेल्या जुन्या छायाचित्रांवर तिनं ताऱ्यांचं तेज मोजायचा सराव केला होता. आता तिला स्वतःचा तारा हवा होता. तो खरं तर जोडतारा. एक दुसऱ्याला झाकतो तेव्हा उजेड उतरतो, काही तासांत परत चढतो. ते उतरणं-चढणं तिनं सलग मोजलं, तर वेधशाळेकडे अहवाल तिच्या नावावर जाणार होता.

अर्जात आम्ही दिवाळीनंतरचे दिवस मागितले. ते वाचून ती हळूच म्हणाली, "मॅडम, दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जातो. मंग तारा कोन मोजनार?"

वेधशाळेत आमचे अर्ज बघणाऱ्या बाईंना मी अडचण कळवली. त्यांनी उलट विचारलं, पावसाळ्याचे सगळे महिने तुम्ही का वगळलेत? आमच्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं, असं मी लिहायला घेतलं आणि मधेच थांबले. दुर्बीण शहापुरात नव्हतीच. अर्ज चौघींनी वाचला होता, प्राचार्यांनी सही केली होती, आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. पावसात तारे बघायचे नसतात, हे इथं सांगावं लागत नाही. मुली पोट धरून हसल्या.

मग अर्ज बदलला. सकाळ मिळाली ती जुलैतली, आणि त्याच दिवशी तिच्या शेतावर भाताची आवणी, म्हणजे लावणी, निघाली. पाड्यावर आवणी सावडीनं होते: आज सगळे तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. पाळी ठरली की हलत नाही. ताऱ्याचं झाकणंही हलणारं नव्हतं. घरचाच हात कमी पडला तर आलेल्यांना काय तोंड दाखवायचं, म्हणून आई तिला सोडेना. पुन्हा ती वेळ मिळेतो मुलगी भट्टीवर असणार.

हाताला हात दिला तर चालेल का, असं मी तिला आईला विचारायला लावलं. चालेल, म्हणाली. दुसऱ्या दोघी शेतकऱ्यांच्याच मुली, लगेच तयार झाल्या. तिसरी मी. मुलीला संगणकासमोर बसवलं, शेजारी आमच्या एका सरांना ठेवलं आणि आम्ही एसटीनं पाडा गाठला.

चिखलात उतरून मला बरीच वर्षं झाली होती. तिच्या आईनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमची वळ कुटं चालली, मुरबाडला?" सगळं शेत हसलं. मी वाकड्या ओळीतली रोपं उपटून पुन्हा लावली.

दुपारी मुलगी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होता. त्यावरचे ठिपके सपाट येत होते, मग खाली उतरून परत वर चढले होते. वडिलांनी चिखलाचं बोट लांबूनच त्या खळग्याकडे केलं. इथं तारा झाकला, असं तिनं सांगितलं. कागद घरात ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि उरलेल्या तुकड्यात उतरली.

संध्याकाळी आईनं हिशेब काढला. दोघी मुलींच्या शेतांवर तिची लेक जाणार, हे ठरलं. माझं शेत नाही, माझं राहू द्या, असं मी म्हटलं.

"सावडीत तसं नाय चालत," ती म्हणाली. "तुमचं काय काम असंल ते सांगा."

मी विचार केला. कॉलेजात नव्या मुली येणार होत्या आणि छायाचित्रावरून तेज मोजायला त्यांना बसून शिकवावं लागणार होतं. ते काम मी सांगितलं. आईनं लेकीकडे बघितलं, तिनं मान हलवली.

गणपती झाल्यावर तिनं नव्या मुलींना शिकवायला घेतलं. अहवाल दिवाळीच्या आधी गेला, तिच्या नावावर. मग ती भट्टीवर गेली आणि तिनं शिकवलेल्या दोघींनी पुढच्या पावसाळ्यासाठी अर्ज लिहायला घेतला.