उजव्या पायाचा गिअर

मोटारसायकल घ्यायचं मी अडतिसाव्या वर्षी ठरवलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "स्कूटरला काय धाड भरलीय?"

बोम्मसंद्र्याला मी ज्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते त्याची बस आमच्या बनशंकरीच्या बाजूला यायची बंद झाली, हे झालं कारण. पण कामाला स्कूटरनेही जाता आलं असतं. मला मोटारसायकलच हवी होती. लहानपणी बाबांच्या गाडीच्या टाकीवर बसून मी अख्खं बंगळूर पाहिलंय, आणि ती गाडी त्यांनी बारा वर्षांपूर्वी विकली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. हे आईला सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, "माझी मर्जी."

"घ्या! बापावर गेलीय," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

बाबा मात्र खुर्चीतून उठलेच. मिरजेहून नोकरीसाठी इथे आलेला माणूस, सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर मोठ्या साहेबाचंही काही चालायचं नाही. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. भाजीवालासुद्धा आईला विचारायचा. आता मी विचारत होते, कुठली गाडी घेऊ?

शोरूममध्ये गेलो. तिथला सेल्समन माझ्याशी बोलायलाच तयार नाही. सगळं बाबांकडे बघून. "सर, मॅडमसाठी ऑटोमॅटिक दाखवू का?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मॅडमना तोंड आहे, मॅडमना विचारा." मग दोन तास मी एकेका गाडीवर बसून दोन्ही पाय नीट जमिनीला टेकतात का ते बघत होते, कारण माझी उंची बेताची. बाबा वाकून वेल्डिंगवरून बोट फिरवत होते, चेन दाबून बघत होते, मडगार्डवर टकटक करून पत्रा किती जाड म्हणून विचारत होते. सेल्समनला घाम फुटला. शेवटी एक काळी गाडी दोघांना पसंत पडली. मिळायला दोन महिने लागणार होते. "सरी," बाबा कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक, "तोवर तुला तयार करतो."

लर्निंग लायसन निघालं त्याच संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली. दोन चपला माझ्या पायांपुढे मांडल्या. हातात लाटणं, ते हँडल. "डावा हात क्लच. उजवा पाय गिअर. डावा पाय ब्रेक. मी म्हणेन तसं करायचं. कुत्रं आलं!" मी डाव्या पायाने चप्पल दाबायची. "उशीर! कुत्रं मेलं!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेलं ना? मग जेवायला या."

रोज संध्याकाळी सात वाजता. आठवडाभरात माझे पाय आपोआप चालायला लागले.

मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या माणसाने मला गाडीवर बसवलं आणि म्हणाला, गिअर टाका. मी उजवा पाय उचलला. तो हसायला लागला. "मॅडम, हा कुठल्या जमान्यातला गिअर?" गिअर डाव्या पायाला होता, ब्रेक उजव्या. बाबांची जुनी गाडी त्या काळची, तिचं सगळं उलट, आणि जन्मभर त्यांनी तेवढी एकच गाडी चालवली. आताच्या सगळ्या गाड्या वेगळ्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी घरी येऊन सांगणार होते. खरंच सांगणार होते. जिन्यात वाक्य जुळवत आले. दार उघडलं तर खुर्ची मांडलेली, आणि बाबांनी कागदावर चढाची, उताराची, ओल्या रस्त्याची अशी वेगवेगळी तालीम लिहून ठेवलेली. चष्मा कपाळावर. इतके खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मी मुकाट्याने बसले आणि उजव्या पायाने गिअर टाकला.

आईला रात्री सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे गं. म्हातारपणी कुणीतरी विचारतंय त्यांना." मलाही तेच वाटलं. त्यात आपण किती गुणी मुलगी आहोत असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणून मग सकाळी खरी गाडी आणि संध्याकाळी खोटी. सकाळी डावा, संध्याकाळी उजवा. मला वाटलं, पायांना कळेल.

परीक्षेच्या दिवशी बाबा आरटीओत आलेच. मी नको म्हणत होते. कुंपणापलीकडे छत्री घेऊन उभे राहिले. मैदानावर प्लास्टिकच्या शंकूंमधून आठचा आकडा काढायचा होता, पाय न टेकवता. मी पहिला फेरा नीट घेतला, दुसरा घेतला, आणि बाहेर येताना परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी थांबण्यासाठी एकदम हात वर केला. झालं! माझा डावा पाय गेला. दणकून दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी खालच्या गिअरमध्ये पडली, हिसका बसला, एक शंकू उडाला, मी दोन्ही पाय टेकवले आणि गाडी बंद पडली. साहेब शांतपणे म्हणाले, "मत्ते बन्नी, मॅडम." पुन्हा या. आठवड्याने.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "घाबरले मी."

बाबा बाहेर बघत होते. "डावा पाय का दाबलास?"

मी हेल्मेट मांडीवर घेतलं.

"त्या गाडीचा ब्रेक कुठल्या पायाला आहे?"

"उजव्या."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

त्यानंतर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. खुर्ची परत टेबलाजवळ गेली. मला वाटत होतं, आपण चुकीचं शिकवलं म्हणून त्यांना लाज वाटतेय. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि समजूत घालायला म्हणून बोलले, "जाऊ द्या हो बाबा, चूक कुणाचीही होते."

त्यांनी कप खाली ठेवला. "चूक माझीच झाली. शोरूममध्ये सगळं तपासलं आणि लिव्हर कुठल्या बाजूला ते पाहिलं नाही. ज्या गोष्टीची खात्री असते ती माणूस तपासत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. पण चौतीस वर्षांत एकानेही माझ्यापासून दोष लपवला नाही. शिपाईसुद्धा येऊन सांगायचा, साहेब, हे चुकलंय. तू महिनाभर माझ्यासमोर बसून खेळ केलास. लहान पोराचं मन राखतात तसं. म्हातारा मी होतोच, पण तू मला निकामी ठरवलंस."

मला रडू आलं आणि रागही आला. मी पण त्यांचीच मुलगी. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? या घरात तुम्ही चुकलात म्हणायची कुणाची टाप आहे?"

आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता भडका उडणार. बाबांनी कप बाजूला सारला. "नसतं ऐकलं," ते म्हणाले. "भांडलो असतो. मग खाली जाऊन उभी असलेली एखादी गाडी पाहिली असती. यापुढे मला तोंडावर सांगायचं. भांडण झालं तरी चालेल."

"बरं," मी म्हटलं. म्हणायला सोपं होतं.

दुसऱ्या वेळी पास झाले. गाडी आली. आईने लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबं ठेवली आणि "हळू चालव गं बाई" हे एका दिवसात वीस वेळा म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "चल, मोकळ्या रस्त्यावर जाऊ." आमच्या मागे एक नवीन लेआउट पडलाय. रस्ते झालेत, घरं अजून नाहीत. तिथे पोचल्यावर त्यांनी किल्ली मागितली. त्यांचं लायसन पुढच्या महिन्यात संपत होतं, नूतनीकरणाचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी किल्ली दिली. काय करणार? त्यांनी गाडी सुरू केली, डाव्या पायाने गिअर टाकला, आणि निघाले. पाठ ताठ, अगदी पूर्वीसारखी. मग वळणावर दोन कुत्री आडवी आली. बाबांचा डावा पाय खाली गेला. गाडी हिसका देऊन पुढेच गेली, फुटपाथच्या कडेला चाक आपटलं आणि इंजिन बंद पडलं. पडले नाहीत. मी धावत पोचले तेव्हा ते दोन्ही पाय टेकवून तसेच बसलेले.

"सराव केला तर जमेल?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. भरू फॉर्म?"

जमेल, बाबा. थोडा सराव हवा. ही वाक्यं अगदी ओठांवर आली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, तरी बघितलं.

"नका भरू, बाबा."

बाबांनी किल्ली फिरवून काढली. कुत्री लांब जाऊन बसली होती. मग ते सावकाश उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"बरं झालं तू सांगितलंस," ते म्हणाले. "मला वाटत होतं, माझं मलाच सांगावं लागणार."

मी गाडी सुरू केली आणि ते माझ्या खांद्याला धरून मागे बसले.