चुलीत न गेलेली पत्रं

डॉक्टर दिगंबर गेल्याची तार अमरावतीहून अकोल्याला आली, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दिगूलाच पत्र लिहिलं. ‘प्रिय दिगू, तू गेल्याचं कळलं. जीव फार घाबरा झाला आहे, काय करू?’ तिकीट लावून पेटीत टाकलं आणि घराकडे वळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. पत्र निघालं नाही, हात तेवढा अडकला... दीड महिना झाला या गोष्टीला.

वेंधळेपणा खराच, पण सवयही होती. तीन वर्षं दर शनिवारी मी दिगूला पत्र लिहीत होतो. आम्ही शाळेतले सोबती. तो डॉक्टर झाला, मनाच्या दुखण्यांतही त्याला गती होती, आणि मी कारकून झालो. घर जुन्या शहरात, कचेरी मोर्णा नदीपलीकडे, आणि मला पुलाची भीती बसली. मधोमध गेलो की छाती धडधडे, पाय खिळत. मग एखादी कडब्याची गाडी येईस्तोवर मी थांबायचो आणि तिची मागची दोरी धरून, कडबा विकत घेणाऱ्याचा आव आणत पलीकडे जायचो. अमरावतीला जाऊन दिगूला प्रकृती दाखवावी, तर वाटेत काटेपूर्णेवरचा रेल्वेचा पूल! म्हणून उपचार टपालानं. तो लिही, ‘या आठवड्यात कठड्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत जा. तिथं थोडा थांब. परत ये आणि काय वाटलं ते कळव.’

पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘मोकळेपणानं लिही. वाचलं की चुलीत घालतो.’ त्या भरवशावर मी ते एक पत्रही लिहिलं... पूल पडेल याची भीती नाही दिगू, मीच उडी टाकीन याची आहे. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. चालण्याचा व्यायाम म्हणून लवकर निघतो, असं तिला सांगून ठेवलं होतं. दिगूचं उत्तर आलं, ‘भितोस, म्हणजे तुला जगायचं आहे. पण आता एकटा जाऊ नकोस, घरचं कुणी सोबत घे.’ मी आपली कडब्याची गाडीच घेतली.

तो गेल्यावर मात्र रेल्वेत बसलो. डोळे मिटून काटेपूर्णा ओलांडली आणि पहिला विचार आला, हे दिगूला कळवायला पाहिजे.

दवाखान्याच्या ओट्यावर त्याचे रोगी बसले होते. फुलं विकणाऱ्या एका बाईनं विचारलं, “कुठचे भाऊ तुमी?”

“अकोल्याचा.”

“अकोल्याचे?” ती उभीच राहिली. “कडब्याच्या गाडीची दोरी धरून पूल उतरते, ते तुमीच का?”

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो... हसावंच लागलं.

“नाव नाही सांगितलं डाक्टरनं कधी,” ती म्हणाली. “पन तुमचं पत्र आलं का आमाले बसवून वाचून दाखवत. मले विहिरीपाशी जाववत नव्हतं. डाक्टर म्हणत, अकोल्याचा बाबा तिसऱ्या खांबालोक गेला, तू दोन पावलं तं टाक. आता पानी भरतो मी.”

मी हळूच विचारलं, “उडीचं पत्र?”

“तेबी वाचलं.” तिनं मान खाली घातली. “त्या दिशी कोनी हसलं नाही, भाऊ.”

भर बाजारात कुणी अंगावरचं धोतर ओढावं, तसं झालं. बाईचं भलं झालं, कबूल. पण दिगू, ती पत्रं तुझ्या एकट्यासाठी होती. एकदा विचारायचं तरी होतंस. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसलो आणि अजून माझा राग जात नाही... तुझ्यामुळेच पूल ओलांडून तुझ्या दारात आलो होतो रे मी.

घरी येऊन बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कडबा, खांब, उडी. दिगूनं कसा घात केला, ते तर दोनदा सांगितलं. ती डाळ निवडत होती. मी थांबल्यावर तिनं सूप बाजूला सारलं.

“त्या फुलवालीले ठाऊक होतं,” ती म्हणाली. “अन् मी तीन वर्षं रोज डबा भरून देत होती तुमाले. मले काहून नाही सांगितलं?”