मऊ गंधक

गरम कशालाच ते एकदम बोट लावत नसत. पालथा हात वस्तूपासून वीतभर लांब धरायचा, डोळे मिटायचे, आणि ऊब हाताला लागेनाशी झाली की मगच ती उचलायची. "तापवणं कुनालाबी येतंय बाबू. थंड करणं शिकावं लागतं," असं म्हणायचे. तव्यावरून उतरलेल्या भाकरीलाही हाच न्याय होता. भाकर वाळून जायची आणि मामी रोज चिडायच्या.

सारं कुरुंदा गाव त्यांना मामा म्हणायचं. हळद शिजवण्यात त्यांच्यासारखा माणूस आसपासच्या चार गावांत नव्हता. मोठ्या लोखंडी कढईत हळद उकडते तेव्हा विस्तव केव्हा ओढायचा, हे त्यांना फेसावरून आणि वासावरून कळे. थोडा उशीर झाला तरी हळकुंड आतून काळपट पडतं. मामांच्या कढईतलं हळकुंड मोडलं की आत केशरी निघायचं. त्यामुळे पाटलांची हळददेखील पहिली त्यांच्याकडेच यायची.

हळदीचे दोन-अडीच महिने सोडले तर उरलेलं वर्ष मामा गंधक तापवत.

गावाबाहेर त्यांच्या कढईची झोपडी होती, तिथं हे चाले. बैलांच्या खरजेला लावतो तोच गंधक ते पंसाऱ्याच्या दुकानातून आणत आणि खापरात घालून चुलीवर ठेवत. आधी तो वितळून तेलासारखा पिवळा होई, मग लाल. मग इतका दाट होई की खापर कलतं केलं तरी सांडत नसे. आणखी जाळ लावला की पुन्हा पातळ होऊन उकळू लागे. तो उकळता गंधक गार पाण्याच्या घागरीत बारीक धारेनं ओतला, की तळाशी तपकिरी, मऊ, ताणला तर दोरीसारखा लांबणारा गोळा मिळे.

वाटेनं जाणाऱ्या एका गोसाव्यानं त्यांना सांगितलं होतं की सोनं मऊ असतं. गंधक एकवीस दिवस मऊ राहिला, की तो सोनं व्हायला तयार झाला म्हणून समजायचं. मग दुधाला लावतात तसं त्याला खऱ्या सोन्याचं विरजण लावायचं.

मामांचा गोळा उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पिवळा आणि ठिसूळ होऊन जाई. ते गोसाव्याला बोल लावत नसत. थंड करण्यात आपलंच चुकलं म्हणत आणि पाणी बदलून पाहत. विहिरीचं झालं, नदीचं झालं, माठातलं झालं. अशी सहा वर्षं गेली होती.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल आणि तुम्हीही त्याला हसला असाल. हसण्यापुरतं मी कुणाला दोष देत नाही. पुढचं सांगताना मात्र मला अडखळायला होतं.

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. औरंगाबादला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा लोकांनी विचारलं की नोकरी काय लागेल. तिथं काय शिकवतात, हे फक्त मामांनी विचारलं. पहिल्याच वर्षी आमच्या मास्तरांनी काचेच्या नळीत गंधक तापवला. पिवळा, लाल, दाट, पुन्हा पातळ. मग तो पाण्यात ओतला आणि मऊ गोळा वर काढला. तेव्हा निजामाचं राज्य होतं; मास्तर उर्दूत सांगत होते की हा पहिल्यापासून शेवटपर्यंत गंधकच आहे, फक्त आतली मांडणी बदलली आहे, आणि चार दिवसांत तो आपोआप पहिल्यासारखा होईल. सुट्टीत गेल्या गेल्या मामांना हे सांगायचं, असं मी ठरवलं.

सुट्टीत गेलो, पण आधी भेटला पाटलांचा धाकटा मुलगा. लहानपणी त्यांच्या ओट्याची पायरीदेखील आम्ही चढत नव्हतो. त्या दिवशी त्यानं मला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून मी त्याला सगळं सांगून टाकलं. ज्ञान दाखवायची मला घाई झाली होती.

त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग दर दोन दिवसाला त्याला ताजा गोळा बदलून दिला तर?"

मी हसलो. हसलो म्हणजे कबूल झालो.

मामा आपला गोळा झोपडीत ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवत आणि दुपारी जेवायला घरी जात. तेवढ्या वेळात आम्ही जुना गोळा काढून नवा ठेवत असू. नवे गोळे पाटलांच्या गोठ्यामागे मीच करायचो, कारण आकार आणि रंग हुबेहूब मलाच जमे. पाचव्या दिवशी मामा चालताना हसू लागले. दहाव्या दिवशी त्यांनी दाढी केली. बाराव्या दिवसापासून गाव त्यांना शेटजी म्हणू लागलं. कुणी विचारी, "शेटजी, आमाला वळख द्याल का न्हाई?" मामा सगळ्यांना व्हय म्हणत. ती चेष्टा आहे हे त्यांना कळत नव्हतं, की ऐकूच येत नव्हतं, कोण जाणे.

एकविसाव्या दिवशी ते गोळा तळहातावर घेऊन आमच्या घरी आले. माझ्यासमोर धरून म्हणाले, "तू शिकलेला. बराबर बघ. मऊ हाय ना?"

दारात पाटलांचा मुलगा उभा होता. मी गोळा दाबून पाहिला आणि हो म्हणालो.

विरजणाला सोनं म्हणजे मामींच्या डोरल्यातले दोन मणी, तेवढंच. मामी आधी नाही म्हणाल्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, की तू पाहिलंयस ना? मी होकाराची मान हलवली. त्यांनी मणी दोऱ्यातून सोडवून दिले. ते पत्र्यासारखे पातळ होते आणि त्यांत तांबंच जास्त होतं. मामांनी तो गोळा पुन्हा वितळवला आणि मणी दिवसभर त्या उकळत्या गंधकात ठेवले. संध्याकाळी सगळ्यांसमोर खापर फोडलं तेव्हा दोन काळे कोळसे निघाले; तांबं गंधकानं खाऊन टाकलं होतं. मामांनी पालथा हात धरून वाट पाहिली आणि एक चिमटीत उचलला. त्याचा चुरा झाला. झोपडीबाहेर लोक पोट धरून हसले. एकानं तो चुरा कपाळाला लावून मामांच्या पाया पडायचं नाटक केलं.

आमच्याकडे सोनं नसलं तर बायका मंगळसूत्राच्या जागी गळ्यातल्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. मामींनी ते बांधलं. पाटलांच्या घरच्या बायका त्यांना विचारत की शेटाणीबाई, दागिना नवा केला का.

मामा चावडीवर सांगत होते, "पोरानं बराबर पाहिलं होतं. त्याला नावं ठिवू नका. माझंच थंड कराया चुकलं."

हे कानावर आलं आणि मला झोप येईना. कॉलेजला परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी झोपडीत गेलो. ते पुन्हा चूल पेटवत होते. मी सगळं सांगितलं. कोण, कधी, कसं, आणि मास्तर काय म्हणाले तेही. एवढं खरं बोलल्यावर मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती.

मामांनी जाळ मागे ओढला. मग विचारलं, "एकवीसच्या एकवीस दिवस तुमीच बदलून राहिले होते?"

"हो."

"एखांदा तरी दिवस माझा आसंल की."

मी विचार केला. निदान आता तरी नेमकं सांगावं असं मला वाटलं. "पहिले दोन," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली.

दिवाळीला घरी आलो तेव्हा मामा गावात नव्हते. मी गेलो त्याच आठवड्यात ते कुणाला काही न सांगता निघून गेले होते. कुणी म्हणालं नांदेडकडे दिसले, कुणी म्हणालं गोसाव्यांबरोबर. पुढच्या हंगामात पाटलांची हळद आतून काळपट निघाली. मामांची आठवण निघाली ती तेव्हा, आणि तेवढीच.

तीन वर्षांनी मी मामींकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. त्या उन्हात बसून सुपातली हळद निवडत होत्या. गळ्यातलं हळकुंड किड्यांनी पोखरलेलं होतं, त्यातून पिवळी भुकटी लुगड्यावर पडत होती. मी बोलायच्या आधीच त्यांनी ते पुढे धरून दाखवलं.

"दर साली बदलते बाबू. बाया म्हनतात, मानूस गेला आसंल, काढून टाक. काही म्हनतात, कुठंतरी आसंल, पाप लागंल. तू शिकलेला हाईस. तूच सांग. काढू का ठिवू?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग सुपात हात घातला आणि त्यातलं एक बरंसं हळकुंड शोधू लागल्या.