पाण्यावर चालणाऱ्या किड्याचं नाव

अमरावतीच्या कॉलेजात मी झूऑलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, साठ सालाच्या आसपास. त्या डिपार्टमेंटात किडे साठतात तसे किस्सेही साठतात. किडे फॉर्मॅलिनमध्ये गार पडून राहतात. किस्से आठवले की माझं डोकं अजून तापतं!

*

प्रॅक्टिकलला पुण्याचे एक्झामिनर आले. ट्रेमधला पाणविंचू दाखवून त्यांनी एका पोराला नाव विचारलं.

"पान्यातला इचू, सर."

"हे गावंढळ नाव चालणार नाही. लॅटिन सांग!"

"सर, नाल्यात मले चावला तवा 'इचू' म्हनूनच बोंबललो! तवा लॅटिन कोनाले आठवते?"

आम्ही हसलो. साहेबांनी पोराला नापास केलं.

*

आमचे हेड जोशी सर. पाणकिड्यांना लोक काय म्हणतात, हे विचारत फिरायचं त्यांना वेड होतं. अकोल्याच्या बाजारात त्यांनी मासे विकणाऱ्या बाईपुढे बरणी धरली.

"हे खाता येते का?" बाईनेच विचारलं.

"नाही."

"इकता येते?"

"नाही."

"मंग नाव कायले ठेवाव? बाजूले व्हा, गिऱ्हाईक उभं हाय!"

परतताना सर म्हणाले, "या लोकांना जिज्ञासाच नाही." रोज त्यांना पाणी देणाऱ्या प्यूनला ते वर्षानुवर्षं 'अरे ए' म्हणत. त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला अस्सा संताप आला!

*

तेल्हाऱ्याकडच्या एका गावी पोरांची ट्रिप गेली. पाटलांनी विहिरीवर सगळ्यांना ग्लासातून पाणी दिलं. माझं आडनाव विचारलं आणि मला ओंजळ धरायला सांगितली. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. मी त्या पोरांचा मास्तर होतो आणि पोरं बघत होती. सर खाली मान घालून पाणी पीत राहिले. मी ओंजळ धरली नाही.

विहिरीत पाण्यावर किड्यांची झुंड चालत होती. सरांनी विचारलं, "यांना काय म्हणता?"

"निवळी," पाटील म्हणाले. "लय शुभ! ते असली का पानी चोख समजा."

तोच किडा माझ्या बरणीत होता. सरांनी तोही दाखवला. "आणि हा?"

"कुठून धरला?"

"बौद्ध वस्तीखालच्या नाल्यातून," मी म्हणालो.

पाटलांनी आमच्या जुन्या जातीचं नाव घेतलं आणि त्याला 'किडा' जोडलं. "त्याले शिवू नये."

दोन पोरं हसली.

मी बरणी विहिरीत उपडी केली.

"बाटोली विहीर!" पाटील किंचाळले. "काढ! काढ तुहा किडा!"

"काढतो ना, पाटील! त्यातला माहा कोनता, तेवढं दाखवा!"