शेवटचा कण विरेपर्यंत

कल्पना करा, तुमच्या हातात विमानाच्या इंधनाची काचेची नळी आहे. ती कोरड्या बर्फात धरायची, आतली पितळी दांडी वरखाली करत इंधन सतत ढवळायचं आणि डोळे लावून बसायचं. गारठ्याने मेणाचे कण धरले की नळी वर काढायची. हळूहळू ऊब लागून शेवटचा कण ज्या तापमानाला विरतो, ते टिपायचं. आकाशात इंधन त्याहून गार झालं, तर गाळणी तुंबू शकते.

साँ जोझे शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम इरासील्दाचं. त्या आठवड्यात नळीत बाबासू नावाच्या ताडाच्या बियांच्या तेलापासून केलेलं नवं इंधन होतं. ते भरून हवाई दलाचं विमान उडणार होतं आणि मेकॅनिक म्हणून त्यात जाणार होता तिचा नवरा, वाल्दिविनो. निवृत्तीआधीचं त्याचं शेवटचं उड्डाण. उतरल्यावर सोबत्यांनी अंगावर बादलीभर पाणी ओतायचं, ही तळावरची रीत. पठ्ठ्याने बादली स्वतःच घासून ठेवली होती.

नळी पुरेशी गार होण्याच्या बरंच आधी तिच्यात धुकं दिसलं.

"दमट हवेचं पाणी असेल," आमचे प्रमुख डॉक्टर आडाउतो म्हणाले. पाण्याचं धुकं चाचणीत मोजत नाहीत. गारठा वाढला तरी ते आहे तेवढंच राहतं.

ते पाणीच असावं, असं इरासील्दालाही वाटत होतं. ती ढवळत राहिली.

"डॉक्टर, हे दाटतंय. मेणच आहे."

त्यांनी वाकून पाहिलं, सुस्कारा सोडला. "उड्डाण रद्द. इंधन पुन्हा करावं लागेल." तोवर वाल्दिविनो निवृत्त झालेला असणार.

संध्याकाळी तो अंगणात पाठमोरा बसला होता. कॉफी गार झालेली.

"कुणा कर्नलला मला जमिनीवर बसवता आलं नाही. तू नळी हलवून बसवलंस!"

"रागावलास?"

"छे! नाचू का आता?"

ती आत गेली, बादली भरून आणली आणि त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

"अगं बाई! मी उडालोच कुठे?"

"घरी तर धड उतरलास ना!"

तो हसला तेव्हा तिला रडू आलं. टॉवेलने त्याचं डोकं पुसता पुसता तिने एक प्रश्न विचारला. आता प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला ती तेच विचारते:

"नळीत मी ढवळत असते. पंखातल्या टाकीत कोण ढवळतं? तिथे मेण आधी धरतं, की उशिरा?"