डब्यातली वीट

दुकानात कोणीही आलं की सर आधी पेचकस घ्यायचे. या नाही, बसा नाही. तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं झाकण काढून समोर धरायचे, "उघाडीसन देखा, काहीच झाकेल नही शे."

नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळ त्यांचं दुकान माझ्या झेरॉक्सला लागून होतं. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हा नाद धरला. कॉम्प्युटर घरच्याच टीव्हीला जोडायचा, मोबाइलपेक्षा स्वस्त, आतले प्रोग्राम सगळे फुकट आणि कोणीही उघडून बदलावं असं. साध्या घरांतल्या पोरीबाळींच्या हाताला हे लागावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

लोक डबी हलवून बघायचे. "हाई तं तमाखूनी डबी शे! कम्पुटर कोठे शे?" आणि फुकट म्हटलं की संपलंच. फुकटचं ते खोटंच, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सर मिरचीच्या ठसक्याने खोकत पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, बरोबर असूनही कंटाळवाणा झालेला. मला तर चीड यायची. अहो, जरा गप्प बसा की!

एका दुपारी गिऱ्हाईक निघून गेलं आणि ते खुर्चीत तसेच बसून राहिले. "थकनू ताई."

मी म्हणाले, "सर, मोठ्या रिकाम्या डब्यात बसवा ना. वजनाला एक वीट टाका. माणसाच्या हाताला जड लागलं पाहिजे."

त्यांनी डबी तळहातावर तोलून पाहिली. आठवड्याने भंगारातले जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांचे रिकामे डबे आले.

आणि काय सांगू, खपले! धानोऱ्याला गेले, खापरला गेले. लोक दोन्ही हातांनी उचलून न्यायचे, घरी नेऊन हार घालायचे. सरांचं झाकण काढून दाखवणं बंद झालं. उलट स्क्रू घट्ट पिळून द्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत.

मग धानोऱ्याची एक बाई आली, कापूस वेचायला जाणारी. मुलीसाठी तिने मशीन नेलं होतं. आत मुंग्या झाल्या म्हणून विळ्याच्या टोकाने तिने स्वतःच डबा उघडला, मुंग्या झाडल्या, तारा परत लावल्या. मशीन चालू झालं. वीट तेवढी तिने पिशवीतून आणून टेबलावर ठेवली.

"यान्हामा ईट कसाले टाकी, सर? आमले येडा समजतस का?"

ज्या माणसाची त्यांनी इतकी वाट पाहिली, ती ही बाई. सर उठले, हात जोडले. "चुकनू माय. मन्ही चूक शे."

मी दारातच उभी होते. विटेचा सल्ला माझा होता, हे सांगितलं नाही.

पुढे महिनाभर ते उन्हातान्हात गावोगाव फिरून विटा काढत होते. काहींनी मशीनच परत केलं. मग दुकान बंद करून ते लेकीकडे सुरतेला गेले.

अधूनमधून फोन येतो. धानोऱ्याची ती पोरगी शिकते का, हे दर वेळी विचारतात. शिकते, म्हणते मी, जाऊन न बघताच. धानोरा रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. त्या बाईसमोर उभं राहायची माझी अजून हिंमत झालेली नाही.