पिएत्रोकाकांची बारोलो

हे मी अभयलाही सांगितलेलं नाही — आणि नवऱ्यापासून मी एरवी गाडीला पडलेला ओरखडासुद्धा लपवत नाही. तुला सांगते.

लंडनमधल्या स्टॅनमोरला आमच्या शेजारी पिएत्रोकाका राहायचे. तरुणपणी इटलीहून आलेले, तेव्हा सत्तरीचे, एकटे. माझ्या मुक्ताच्या जन्माच्या सकाळी बर्फ पडला होता, अभय कामासाठी मँचेस्टरला, टॅक्सी मिळेना. काकांनी त्यांची जुनी गाडी काढली. मला भीती वाटू नये म्हणून हॉस्पिटलपर्यंत ते गात होते. अशा माणसाचे उपकार कसे फेडायचे? मी कसे फेडले, ऐक.

बारशाला त्यांनी वाइनची बाटली आणली. लाल बारोलो, त्यांच्या गावाकडची. तिथल्याच टेकड्यांवरची द्राक्षं असतील तरच हे नाव लावता येतं, तशी सरकारी पट्टी असते बाटलीच्या मानेवर. म्हणाले, "हिच्या अठराव्या बर्थडेला उघड. तोवर आडवी ठेव, अंधारात."

आम्ही कोणी पिणारे नाही. आणि ओटीतला ब्लाउजपीस आपल्याकडे कोण शिवतं? तो कपाटात जातो आणि तिथून दुसरीच्या ओटीत. बाटलीचंही मी तेच केलं. ख्रिसमसला अभयच्या मॅनेजरकडे जेवायला जायचं होतं, हातात काहीतरी हवं होतं — दिली. लेबलसुद्धा वाचलं नव्हतं.

पुढे दर वाढदिवसाला काका विचारायचे, "नीट झोपलीय ना?"

"हो काका, जिन्याखालच्या कपाटात."

पहिल्या वर्षी जीभ अडखळली. मग नाही अडखळली.

पाच वर्षांनी घर विकून ते लेकीकडे लीड्सला निघाले. म्हणाले, "जाण्याआधी एकदा दाखव. लेबलवर माझ्या भावाचं नाव आहे. तो गेला, मळाही गेला."

मी काय केलं असेल? उद्या काढून ठेवते म्हटलं आणि सकाळी दुकानात धावले. बारोलो मिळाली, पट्टी अगदी खरी. नाव भलत्याच कुणाचं. काकांची नजर अधू झालीय, खपून जाईल — असं वाटलं मला. हो, हेच वाटलं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. लेबल वाचलं. त्या नावावरून हळूच अंगठा फिरवला. मुक्ता मला चिकटून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान सांभाळलीस," म्हणाले. आणि गुडघ्यावर हात टेकत वाकून त्यांनीच ती कपाटात आडवी ठेवली.

माझ्या लेकीसमोर त्यांनी मला खोटं पाडलं नाही. बर्फातल्या त्या सकाळीइतकीच मी या गोष्टीसाठी त्यांची ऋणी आहे, फार ऋणी आहे. लीड्सहून फोन यायचे, मुक्ताची चौकशी व्हायची. बाटलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. आता काका नाहीत.

काकांची ती बाटली दहा महिने माझ्या घरात होती. त्यांच्या भावाचं नाव काय होतं, मला माहीत नाही.